दुसरी किल्ली

निपाणी शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या.
एक कॅशियर इराप्पा हुक्केरीकडे,
दुसरी माझ्या कनवटीला, अकरा वर्षं.
नियम एवढाच :
एकट्याला दार उघडता येऊ नये.

इराप्पा ओंदु, एरडु, मूरु असा मोजत जाई,
त्याच गड्ड्या मी पुन्हा एक, दोन, तीन.
बेरीज जुळली की तो कन्नडात जांभई देई,
मी मराठीत.

सोमवारी बेंगळूरहून तपासणीस आले. नागभूषण.
चहा घेतला नाही. स्वतःची बाटली, स्वतःचं पेन.
सोनेतारणाच्या एकशे बेचाळीस पुड्या टेबलावर मांडल्या :
विड्या वळणाऱ्या बायकांची डोरली,
पिळाच्या पाटल्या, कुणा तान्ह्याची बिंदली.
प्रत्येकीवर लाख, लाखेशेजारी माझी सही.

सत्तावन्न नंबरची त्यांनी तळहातावर तोलली
आणि मोडक्या हिंदीत एवढंच विचारलं,
सील करताना तुम्ही पाहिलं होतं?

रजिस्टर हो म्हणत होतं, हिरव्या शाईत.
मीही म्हणणारच होते.
पण आठवलं,
त्या दिवशी इराप्पाची चिक्कोडीची बस सुटत होती.
'म्याडम, स्वल्प बेग,'
म्हणत त्यानं सहा पुड्या पुढं सरकवल्या
आणि बरणीवरची चिठ्ठी वाचून
आत लोणचं आहे म्हणावं,
तशा मी सहा सह्या केल्या.

पुडी फोडली.
सोनं होतं. वजन पुरं, टिंबापुढच्या आकड्यापर्यंत.
मॅनेजर चौगुल्यांनी पुन्हा चहा सांगितला.

'पाहिलं नव्हतं,' मी म्हणाले.

फॅन तेवढा फिरत राहिला.
नागभूषणांनी चष्मा काढून पुसला,
एक ओळ लिहिली. काय, ते मला दिसलं नाही.
मग पेनाला टोपण लावत म्हणाले,
माझ्याही वर एक साहेब आहेत.
ते माझा रिपोर्ट वाचतात की नुसती सही करतात,
देवाला ठाऊक.

संध्याकाळी इराप्पा बसस्टँडपर्यंत
माझ्यापुढं चार पावलं चालला. वळला नाही.

मंगळवारी दहाला
त्याची किल्ली आधीच भोकात होती.
'नोडी, म्याडम,' म्हणाला,
आणि बाजूला सरला, जरा जास्तच.

मी पाहत बसले. पहिलीपासून.
जेवणाची सुट्टी त्यातच गेली.
काउंटरच्या जाळीतून एक बाई ओरडली,
'काय करायलासा गं आत एवढा वेळ?'