मनगटाचं माप

सोजराबाईनं पाठवलेली बाई
दारातच थबकते. म्हणते,
"मला काई झालेलं नाही, सिस्टर.
कासारणीनं जा म्हणलं म्हणून आले."

काय होतंय?
"काई नाही. कसंतरीच."

कसंतरीच.
चारठाण्यापासून जिंतूरपर्यंत
सगळ्यांना हाच एक आजार,
आणि माझ्या रजिस्टरात त्याला रकाना नाही.
कुणाची कणकण, कुणाची कसकस,
कुणाचं अंग ठणकतं, कुणाचं नुसतं गळून जातं,
कुणाला रोज दुपारी चारला
ऊन आतून लागतं
आणि पहाटे उशी पिळावी इतका घाम.
जेवण?
"जातंय की." मग जरा थांबून,
"दोन भाकरीची अर्धी झाली. पण ते काय, उन्हाळ्यानं."

सोजराबाई असलं काही विचारत नाही.
बाजाराच्या दिवशी साबणाच्या पाण्यातून
साठ-सत्तर हात जातात तिच्या हाताखालून.
अंगठा आत दाबायचा, बोटं जुळवायची,
"हात मऊ सोड गं, मी काय खाते का तुला,"
आणि हिरवी काच हाडावरून सरकते.
तेवढ्यात तिला कळायचं ते कळतं.
गेल्या पंचमीला दोन-सहा घट्ट होत होती,
औंदा दोन-चार, तीही कोपराकडं पळते.
नखं चुन्यासारखी.
नाहीतर उलटंच, मनगट फुगलेलं,
दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहतो,
परातीतल्या कणकेत राहावा तसा.

एकदा नवरीला चुडा भरताना बोलून गेली,
"पोरीच्या अंगात ताप मुरलाय."
सासूनं तिची पाटी उचलून
मांडवाबाहेर ठेवली.
शुभाच्या दिवशी, कासारणीच्या तोंडी, असलं!
त्या भावकीतली पुढची तीन लग्नं
चुडा परभणीहून आला.
पोरगी माझ्याकडं आली श्रावणात, खोकत.
सहा महिने गोळ्या घेतल्या, एक दिवस न चुकता,
आता गालावर मांस आहे.
हे सोजराबाईला सांगायला कुणी गेलं नाही.

ती चुकतेही.
हात गार म्हणून पाठवलेली रझिया
निघाली ठणठणीत,
बोअरवर धुणं धुऊन तशीच बाजारात गेलेली.
आणि देवकाबाईचा हात थरथरत होता
म्हणून मी साखर पाहिली, रक्त पाहिलं,
गळा चाचपला, सगळं जागच्या जागी.
मग स्टूल ओढून नुसतीच बसले.
लेक माहेरी येऊन महिना झाला होता,
गावात सांगितलं नव्हतं,
ती थरथर तेवढ्याची होती.

घाम एकच.
मागं कधी क्षय, कधी थायरॉईड,
कधी पाळी जायचं वय,
कधी फक्त पत्र्याचं घर आणि मे महिना.
बावीस वर्षांत मी इतकंच शिकले की
दोन आठवड्यांवर गेलं
तर "उन्हाळ्यानं" ऐकायचं नाही.

तालुक्याच्या मीटिंगला साहेब विचारतात,
पेशंट पाठवले कुणी?
छापील पर्याय तीन: आशा, अंगणवाडी, स्वतः.
मी "स्वतः"वर खूण करते
आणि सोजराबाई राहून जाते
शाईच्या अलीकडं.

परवा मीच बसले तिच्या पाटीपुढं.
दिवाळी तोंडावर, गर्दी, मुलं रडतायत.
तिनं माझा हात धरला
आणि बायकांच्या धरते त्याहून
जरा जास्त वेळ धरून ठेवला.
काही न विचारता
दोन-सहाचा जोड खाली ठेवला,
दोन-चारचा काढला.
मग हळूच, काचा निवडता निवडता,
"काय होतंय, सिस्टर?"

काई नाही, मी म्हणाले.
उन्हाळ्यानं.

पारावर लोक शेकोटीभोवती बसले होते.