तिसरा खुडा

आमच्या डोंगरात म्हण होती:
कामसू सून होन्निप तीनदा खुडते.
म्हण कसली, मोजपट्टी.
सासूनं ती लावून मला पहिल्याच वसंतात मापलं
आणि मी दोन खुड्यांचीच भरले.

होन्निप म्हणजे बाणाच्या झाडाची कोवळी पानं.
झाड तरी कसलं, कमरेएवढं झुडूप;
फांदीला बुचाच्या चार उभ्या पाती,
बाणाला पिसं लावावीत तशा.
पान फुटतं तेव्हा उंदराच्या कानाएवढं,
आठ दिवसांत रुंद, दहाव्या दिवशी चामडं.
बार्ली शेतात अजून हिरवी,
रांजणात हात घातला तर नखांना तळ लागतो,
तेव्हाचे हे दहा दिवस.

ते गाव आता धरणाखाली आहे.
म्हण बुडाली नाही.

मी वोन्जूत जिने पुसते,
इमारत एकशे एक ते एकशे सहा.
पार्किंगच्या कडेनं कुंपण आहे,
शरदात लाल दिसतं म्हणून लावलेलं.
पाच वर्षं त्याच्याशेजारून बादली नेली
आणि ओळखलं नाही;
इतकं सरळ कातरलेलं,
शाळेत नाव घातल्या दिवशीच्या पोरासारखं.
मग यंदा फडकं पिळायला वाकले
तर नाकासमोर उंदराचा कान.

एप्रनच्या खिशात खुडायला लागले.
चौकीदार प्योन शिट्टी वाजवत आला:
"मावशी, हे शोभेचं आहे."
म्हटलं, "शोभा शिजते."
तो हसला नाही.
कॅमेऱ्याकडे पाठ केली,
पुटपुटला, "फवारणी गुरुवारी."
सोमवार होता.

सोमवारी खुडलं. बुधवारी पहाटे खुडलं.
मिठाच्या पाण्यात एक उकळी,
गार पाण्यातून काढून, पिळून गोळा,
तिळाचं तेल, चारच थेंब.
अर्धा गोळा चौकीत ठेवला.
डबा परत आला, आत काही नाही,
पण धुऊन.

गुरुवारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली,
पाठीवर टाक्या.
सासूबाई, यंदाही दोनच.

ऑक्टोबरात कुंपण असं पेटलं
की वरच्या मजल्यांवरून लोक फोटो काढायला उतरले.
मी त्यांच्या पायांमधून झाडू फिरवत होते.
सुपलीतलं एक पान पुसून तोंडात टाकलं.
चामडं. कडू.
बराच वेळ चावत राहिले, एकशे चारचा जिना संपेपर्यंत.

मोजायचं तर मोजा.