टाचणीएवढं

"कंई नथी, बेन," म्हणाला जयेंद्र पडियार
आणि डाव्या हाताची तर्जनी
चहाचं बिल सरकवावं तशी टेबलावर ठेवली.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये रंगाची गन अडली होती.
त्यानं तोंडावर बोट ठेवून पाहिलं.
एवढंच.
टाचणी टोचावी एवढं भोक, रक्ताचा थेंबही नाही.
दुखतं? नाही. जरा बधिर आहे.
बाहेर साडू स्कूटर चालू ठेवून उभा,
दुपारची पाळी बुडायला नको.

मागच्या वर्षी असंच भोक घेऊन
दत्ताराम घोसाळकर आला होता. ग्रीस.
मी धनुर्वाताची सुई दिली, पट्टी, दोन गोळ्या,
उद्या ड्रेसिंगला या म्हटलं.
तो उद्या आला. तोवर ग्रीस
कंडरेच्या म्यानातून रात्रभर चालत
तळव्यात उतरलं होतं,
आणि बोट जांभळं, ताठ,
कुणाकडे तरी रोखल्यासारखं.
कापलं सरांनी.
पण केसपेपरवर "किरकोळ जखम"
हे अक्षर माझं आहे.

म्हणून पडियारची जखम मी फार वेळ पाहिली नाही.
घड्याळ पाहिलं.
किती वाजता? रंग कुठला? थिनर होतं?
शेवटचं कधी जेवलात?
"पण बेन, भोक तर—"
बर्फ नको, म्हटलं सिस्टरना. हात उंच.
बोटात भुलीची सुई नको, आत जागाच उरली नाही.
थिएटरला फोन लावा, मी बोलते.
आणि त्या साडूला सांगा,
स्कूटर बंद कर.

एक्सरेत दोन पेरं ओलांडून
पांढरा शिडकावा, तळव्याच्या उंबऱ्यापर्यंत.

सरांनी बोट नागमोडी उघडलं.
आतून निघाला फिका हिरवा,
शाळेच्या खिडक्यांना देतात तो.
चरबीत, नसांच्या कडेला, म्यानात.
खरवडला, धुतला, पुन्हा धुतला.
मेलेलं काढलं. जे मेलंय का कळेना,
तिथं सर थांबले.
टाके घातले नाहीत.

आज तिसरा दिवस.
टोक दाबून सोडलं की लाली परतते,
पण मांडवीहून पायी निघाल्यासारखी.
मी मनात आकडे मोजते, तो माझं तोंड बघतो.
उद्या पुन्हा धुऊ.
राहील का, विचारतो.
माहीत नाही, म्हणते.

उजव्या हाताची टाचणीएवढी चिमूट करून
तो शेजारच्या खाटेवरच्याला दाखवतो:
एवढंच होतं.