बेचाळीस बादल्या

तारीख गुरुवारची होती.
पण गुरुवारी आमच्या नळाला नुसती हवा येते,
म्हणून मिहिर सात वर्षांचा झाला शुक्रवारी.

पूल निळा, काठावर हसणारे मासे.
पहिल्याच फुंकेला त्याने कुठूनतरी सुस्कारा सोडला.
कोपऱ्यावरच्या रईसभाईंनी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं,
पैसे घेतले नाहीत.
म्हणाले, केक भिजवा देना, भाभी.
लग्न होऊन नऊ वर्षं झाली इंदूरला,
तरी क्षणभर मी ते मराठीतच ऐकलं.

पहाटे पाच-चाळीसला नळ खोकला.
पाईप गच्चीपर्यंत पुरेना, म्हणून जिन्याने.
मी, हा, आणि झोपेत चालणारे भाऊजी.
बेचाळीस बादल्या.
मी मोजल्या. कुणी मोजायला सांगितलं नव्हतं.
बेचाळीस म्हणजे तीन दिवसांचं धुणं, 
शिवाय कूलर, शिवाय कुंड्या.
शेजारच्या गच्चीवर खंडेलवाल काकी पापड वाळत घालत होत्या.
काही बोलल्या नाहीत.
ते न बोलणंच दीड बादली भरेल एवढं होतं.

चार वाजेपर्यंत पाण्याचा चहा झाला.
हा मालगंजातून बर्फाची अर्धी लादी घेऊन आला,
स्कूटरवर, गोणपाटात, मांडीला मांडी लावून.
ती पाण्यात सोडली, तर पोहायचं राहिलं बाजूला,
नऊ पोरं गोल बसून बर्फ चाटायला लागली.

त्यात एक लोकेश. मंडलेश्वरहून मामाकडे सुटीला आलेला,
कुणाचा तरी मावसभाऊ, बोलावलेला नव्हता, आला होता.
चड्डीची नाडी घट्ट बांधून तो पुलात उतरला,
गुडघ्याकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
आंटी, इसमें तैरना किधर है?

मी म्हटलं, पोहे घे, जिरावण घालून देते.

त्याने पोहे खाल्ले. मग सगळ्यांना बाहेर काढलं
आणि एकेकाला आत झोपवलं. उताणं.
पोट वर, हात सैल, कान पूर्ण बुडले पाहिजेत,
कान बुडले की नर्मदा बोलते, म्हणाला.
मिहिर बराच वेळ पडून राहिला.
काय म्हणाली रे? विचारलं, तर सांगेना.

पुढचं सगळं रीतसर झालं.
कुणीतरी आत शू केली, आळ बर्फावर गेला.
मेणबत्त्यांच्या वेळी धक्काबुक्की झाली
आणि केक शेवटी मराठीतच भिजला.
रईसभाईंना मी कोरडा तुकडा वेगळा काढून ठेवला होता,
तो पाठवला.

रात्री अकराला मालव्याची ती झुळूक सुटली,
दिवसभराचा सूड विसरायला लावणारी.
हा चटईवर घोरत होता. मी हिशेब मांडत होते:
हे पाणी उद्या जिन्याला, स्कूटरला, जास्वंदीला.
काकींच्या तुळशीला नको. जे झालं ते झालं.

मग आजूबाजूला पाहिलं आणि कुर्त्यासकट आत शिरले.
पाय बाहेर राहिले. कान बुडवले.

नदी काही बोलली नाही.
कुणाची तरी मोटर चालू होती, खोल, दुसऱ्या गल्लीत,
आणि मी विचार करत राहिले की जलूदहून हे पाणी
सत्तर किलोमीटर, घाट चढून,
वर आमचे तीन मजले चढून आलंय,
आणि आल्यापासून त्याला कुणी बस म्हटलं नाही.

मानेखाली बुडबुडे फुटायला लागले. एक, मग तीन.
ठिगळ सुटलं होतं.
उठायला हवं होतं मी. याला हलवायचं,
बादल्या, टब, कुकर, जे सापडेल ते आणायचं.

मासे हळूहळू माझ्याकडे वाकत आले.
पाणी कानांवरून उतरलं, कुत्री ऐकू आली, मग याचं घोरणं.
पाठ गच्चीला टेकली.
अजून गरम होती.