शून्यावा भाग

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर, पहाटेच्या फेरीआधी,
तिकीटखिडकीचं शटर अर्धंच वर करून
शेवटची चाळीस पानं वाचून काढली.
बाहेर कुणीतरी काचेवर टकटक करत होतं.
करू दे म्हटलं.

सात भाग होते. पहिल्याला अजून डिझेलचा वास,
तिसऱ्याची पाठ उसवलेली,
पाचव्यात एर्लेंडने दाबून ठेवलेलं
समुद्रगवताचं पान, आता नुसता पापुद्रा.
त्या सातांत ओर्विन म्हातारा होता,
दीपगृहाचा राखणदार, रात्रभर जागा,
डाव्या हाताला तीनच बोटं.
'दोन थंडीने नेली,' म्हणायचा, आणि हसायचा.
पांघरुणात आम्ही भावंडंही हसायचो.
पुढे बाबांच्या होडीला त्याचंच नाव दिलं.

आता हा आठवा, म्हणजे पहिल्याच्याही आधीचा.
काळी पाठ, बाकीच्यांहून बोटभर उंच.
यात ओर्विन एकोणीस वर्षांचा आहे
आणि पैसे घेऊन दिवा विझवतो.
तीन जहाजं.
लेखिकेने काही म्हणजे काही झाकलं नाही:
सकाळी किनाऱ्याला काय काय लागलं,
त्यात एकच लहान बूट,
आणि बोटं कुणी तोडली, कशापायी.

राग आला.
खपली काढायचीच तर आपली काढावी,
आमच्या म्हाताऱ्याची का?

पण लिहिलंय चांगलं, हे मेलं कबूल करावं लागतं.
दिवा विझवल्यानंतरचं ते एक पान,
तो अंधारात नुसता आकडे मोजत बसतो,
तसलं सातांत कुठेच नाही.
घरी येऊन दुसरा भाग उघडला.
'झोप येत नाही रे पोरांनो, वय झालं.'
तेच वाक्य. काना-मात्राही हललेली नाही.
पण पूर्वीच्या आवाजात वाचायला गेले
आणि घशातच अडकलं.

एर्लेंडला बर्गनला फोन केला.
'मी नाही वाचणार,' म्हणाला,
'तू वाचलंस, तूच ठेव तुझ्यापाशी.'
जणू चोरीचा माल.

संध्याकाळी सिग्नी, माझी नऊ वर्षांची,
फळीपुढे उभी:
'हा शून्यावा ना? मग शून्यापासूनच सुरू करू या.'
मी म्हटलं, आधी जेवून घे.

होडीवरचं नाव यंदा रंगवायला झालंय.
डबा आणलाय, ब्रश भिजत घातलाय,
आज चौथा दिवस.
काळं पुस्तक अजून आडवंच आहे,
सातांच्या डोक्यावर.