सातव्या होलवरची माती

पाणी ओसरल्याच्या तिसऱ्या दिवशी
मी फाटकाचं कुलूप उघडायला गेलो.
कुलूप होतं, साखळी होती,
फाटक नव्हतं.

सीनेनं नऊच्या नऊ होल एकाच रंगाचे करून ठेवलेले.
कुठं ग्रीन, कुठं बंकर,
अठरा वर्षं हे गवत कापणाऱ्या मलाही सांगता येईना.
चौथ्याचं निशाण बाभळीच्या शेंड्यावर.
खाली चिखलात एक स्टीलचा डबा, झाकण घट्ट,
आत साखर.
कोरडी. अगदी कोरडी.

मिलमध्ये होतो तेव्हा
तार तुटली की माग थांबवायचा,
थुंकी लावून गाठ मारायची, पुढं चालू.
इथं गाठ मारू कुठं?

गाळ वाळला तशा भेगा पडल्या.
एका भेगेत कोपरापर्यंत हात घातला
तर बोटांना गवत लागलं.
उपटून बघितलं : पिवळं, ओलसर,
प्लास्टर काढल्यावरच्या कातडीसारखं.
वास मारत होतं.
पण उपटताना जोर लावावा लागला होता, हे नंतर लक्षात आलं.

दर्गोपाटील वकील, आमचे सेक्रेटरी,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले.
'म्याकल, जानेवारीत टूर्नामेंट आहे.'
म्हटलं, 'साहेब, गाळ टाकायचा कुठं तेवढं सांगा.'
ते नदीकडं बघत राहिले.
नदी खाली, एवढीशी,
हे सगळं दुसऱ्याच कुणीतरी केल्यासारखी.

मग गुरव्वा आली, शिवणीची.
सोबत नातू आणि रिकामी ट्रॉली.
सातव्या होलवर थांबली, वाकली,
चिमूटभर माती जिभेवर ठेवली
आणि थुंकली नाही.
'आमची हाय ही,' म्हणाली.
'आमच्या रानात आता नुसता मुरूम उरलाय. नेऊ का?'

वकिलांना हसू आलं.
'आजी, ह्यात चाळीस गावांची माती. तुमचीच कशावरून?'
'माझी नसंल तर शेजारणीची असंल.
तुम्हाला तर नकोच हाय की.'

कोर्टात हे टिकलं नसतं.
इथं टिकलं.

त्या डब्यातल्या साखरेचा चहा केला त्या दिवशी,
सगळ्यांना, वकिलांनाही.
साखर कुणाची, कुणी विचारलं नाही.

दिवसाला अकरा खेपा.
पुढं शेजारीण आली, तिचा दीर आला,
मग नावं विचारणं मी सोडून दिलं.
चार बोटं गाळ राहिला की मी फावडी काढून घ्यायचो,
पुढचं घमेल्याच्या काठानं, बसून, हलक्या हातानं.
माझे गुडघे रात्री बोलायचे.
सकाळी बघावं तर
काल मोकळ्या केलेल्या पट्ट्याला
उन्हानं रंग चढवलेला,
हिरवा म्हणता येणार नाही, पण त्या बाजूचा.

दिवाळीनंतर गुरव्वाचा नातू
गुळाच्या पिशवीतून सदतीस चेंडू घेऊन आला.
ज्वारी पेरताना पाभरीला लागले म्हणाला.
आजीला आधी वाटलं, कसली अंडी आहेत की.
एक तिनं ठेवून घेतलाय,
दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून.

जानेवारीत पाचच होल उघडले.
सातवा फेब्रुवारीच्या अखेरीस.
पहिल्याच दिवशी तक्रार आली :
चेंडू सरळ जात नाही,
शेवटच्या हातभरात डावीकडं वळतो.
वकील आडवे होऊन, गाल गवताला टेकवून बघत होते.
'ग्रीन बिघडलंय, म्याकल.'
'बसंल साहेब, हळूहळू बसंल.'

बसणार नाही.
त्या कडेला दोन घमेली गाळ मी मुद्दाम राहू दिलाय,
वरून गवत नीट विणून घेतलंय, गाठ दिसत नाही.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
सगळ्यांचं सगळं परत गेलं
असं कुठं तरी लिहून ठेवायला लागलं तर
खोटं ठरू नये, एवढंच.

डावीकडं वळतो चेंडू.
डावीकडं नदी आहे.