मागचा दिवा

सायकल घेतली तेव्हा पुढचा दिवा मी हौसेनं निवडला होता.
मागचा फुकट आला,
बटणाएवढा, लाल, रबरी पट्ट्याचा.
दीड वर्षं तो सीटखाली होता
आणि मी धरून चाललो होतो की तो दिसतो.

मग एका रात्री, दुसरी पाळी सुटल्यावर,
रबाळ्याच्या वळणावर एक टँकर इतक्या जवळून गेला
की डब्याच्या पिशवीला त्याचा वास लागला:
डिझेल, आणि कसलं तरी गोडसर रसायन.
घरी काही बोललो नाही.
मध्यरात्री पिशवी धुवायला घेतली
तेवढ्यावरून हेमांगीनं ओळखलं.

शनिवारी कोपरखैरण्याला, मढवींच्या दुकानात.
मी विचारतोय ल्युमेन किती, चार्जिंग किती तास,
पावसात चालेल का,
मढवी पंक्चरच्या टबात हात बुडवून ऐकतायत.
"खोक्यावरचं खोक्याला वाचू दे.
चौदा वर्षं ट्रेलर चालवलाय, न्हावाशेव्याला.
वरून कसा दिसतंय, ते मना इचार."

रात्री दुकान बंद करून
त्यांनी मला नाल्याकडेच्या रस्त्यावर
उभ्या टेम्पोच्या टपावर चढवलं.
भाचा, प्रणित, माझ्या सायकलवर.
आधी माझाच दिवा.
पहिला खांब, दुसरा खांब,
तिसऱ्या खांबाशी दिवा गेला.
पोरगं होतं. पायडल मारल्याचा आवाजही येत होता.
फक्त रस्ता रिकामा होता.

टपाचा पत्रा दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता.
मी खाली बसलो.

मग एकेक दिवा लावून प्रणित जात राहिला, येत राहिला.
एक लुकलुकला सराफाच्या दिवाळीसारखा.
एक इतका झगझगीत की डोळ्यांवर हात धरावा लागला,
तोच घ्यावा असं मला वाटलं, पण मढवी म्हणाले,
"दिवा दिसतंय. अंतर दिसतंय का?"
नव्हतं दिसत.
तो पन्नास फुटांवर होता की पाचशे, देव जाणे.
शेवटी एक, रुंद तोंडाचा, बाजूनंही दिसणारा,
पुलाच्या चढापर्यंत लाल राहिला आणि माणसाएवढाच लांब वाटला.
अठराशे रुपये.
पुढच्याला दिले होते त्याच्या दुप्पट,
आणि हा मला कधी दिसणारही नव्हता.

सोमवारी रात्री घणसोली सोडल्यावर
मागून आवाज आला,
"साहेब, ती लुकलुक बंद करता का, डोळे दुखायलेत."

वळून पाहिलं. दांड्याची जुनी सायकल,
वर्दीच्या शर्टावर हातविणीचा स्वेटर, हँडलला डबा.
दिवा नाही. रिफ्लेक्टरसुद्धा नाही.
"पुलापासून मागंच आहे मी तुमच्या.
तुमच्या उजेडात बरं जातंय."

मी बटण दोनदा दाबलं. लाल स्थिर झालं.
मग बोलणं असं झालं नाही.
मी नेहमीपेक्षा हळू चाललो,
त्याची साखळी किती लांबून कुरकुरते यावर कान ठेवून.
डंपर बाजूनं गेले, अंतर राखून,
आम्हा दोघांना मिळून एकच समजून.
तुर्भे स्टोअरला त्यानं घंटी वाजवली
आणि आत वळला.

आता लुकलुक मी लावत नाही.
अकरा वाजून दहाला, पुलाशी, पायडल जरा सोडतो.
कधी साखळी ऐकू येते, कधी नाही.
गुरुवारी मढवींकडून आणखी एक दिवा आणला,
साडेचारशेचा, पण तिसऱ्या खांबापलीकडे टिकणारा.
त्यांनी कुणासाठी ते विचारलं नाही.

चार रात्री झाल्या, खिशात आहे.
माणसाला दिवा कसा द्यायचा, चालत्या सायकलवरून,
नावही माहीत नसताना,
ते काही मला अजून जमलेलं नाही.